फळीवर नसलेले पुस्तक

डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्यांपैकी दुसऱ्या सूत्राचा आशय असा की, प्रत्येक वाचकाला त्याच्या जोगे पुस्तक मिळाले पाहिजे. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे सूत्र आरंभीच पाठ करावे लागते. परंतु वाचक दारात येऊन उभा आहे आणि त्याच्या जोगे पुस्तक मुळात छापलेच गेलेले नाही, अशा वेळी ग्रंथपालाने काय करावे? न्यू यॉर्क शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करणाऱ्या पुरा बेलप्रे यांच्यापुढे हा प्रश्न उभा राहिला तो रंगनाथनांचा ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या काही वर्षे आधी. आपल्या देशात हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. त्यांच्या हाती मोठे अधिकारपद कधी आले नाही, त्यांनी वर्गीकरणाची नवी पद्धत शोधून काढली नाही. शहरातील शाखा-ग्रंथालयांच्या बालविभागांत त्यांची हयात गेली. तरीही शाखेतील ग्रंथपालाचे काम नेमके कोठवर पोहोचू शकते हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याने या बाईंचे चरित्र अवश्य पाहावे.

प्वेर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातील एक बेट. चारशे वर्षे ते स्पेनच्या ताब्यात होते. १८९८ च्या युद्धानंतर ते अमेरिकेकडे आले आणि १९१७ च्या कायद्याने तेथील लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. भाषा मात्र स्पॅनिशच राहिली. शाळांतून इंग्रजी रुजविण्याचे सरकारी प्रयत्न पुढील अनेक दशके या ना त्या स्वरूपात चालू होते. घरात, बाजारात आणि चर्चमध्ये स्पॅनिशच बोलली जात होती. या बेटावरील सिद्रा नावाच्या गावी बेलप्रे यांचा जन्म झाला. त्यांचे जन्मवर्ष निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे दिलेले आढळते. ते १८९९ ते १९०३ या अवधीतील आहे. वडील बांधकामाचे ठेकेदार असल्यामुळे कुटुंबाची बिऱ्हाडे गावोगाव हलत. घर बदलले तरी आजीच्या गोष्टी बदलत नसत. १९१९ मध्ये पुरा यांनी शिक्षिका होण्याच्या इराद्याने विद्यापीठात नाव घातले. पुढच्याच वर्षी थोरली बहीण एलिसा हिच्या लग्नासाठी त्या बोटीने न्यू यॉर्कला आल्या. लग्न आटोपून परत जावयाचे होते, ते राहून गेले.

आरंभी त्यांनी कपडे शिवण्याच्या कारखान्यात काम केले. ग्रंथालयाची नोकरी त्यांच्याकडे चालून आली ती आडवाटेने. हार्लेम वस्तीतील १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेला स्पॅनिश जाणणारी मदतनीस हवी होती. विचारणा झाली ती प्रथम एलिसाकडे. परंतु बायकोने नोकरी करावी हे तिच्या नवऱ्याला रुचले नाही आणि तिने धाकट्या बहिणीला पुढे केले, असे सांगतात. १९२१ मध्ये बेलप्रे कामावर रुजू झाल्या. न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात नेमणूक झालेल्या त्या पहिल्या प्वेर्तोरिकन होत.

या ठिकाणी या ग्रंथालयाची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचे समजावयास सोपे जाईल. तीन खाजगी संस्था एकत्र येऊन १८९५ मध्ये न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररी स्थापन झाली. संशोधकांसाठी पाचव्या ॲव्हेन्यूवर संगमरवरी मुख्य इमारत उभी राहिली ती १९११ मध्ये. सामान्य नागरिकाचा संबंध येई तो मुख्यतः शाखांशी. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०१ मध्ये न्यू यॉर्क शहराला शाखा बांधण्यासाठी ५२ लाख डॉलर देऊ केले. अट एवढीच होती की, जागा शहराने द्यावी आणि पुढील खर्च शहराने चालवावा. त्यामुळे चालत जाता येईल अशा अंतरावर, दाट वस्तीत, मोफत देवघेव करणाऱ्या इमारती उभ्या राहिल्या. वाचकाने स्वतः आत शिरावे, मांडणीवरून पुस्तक उचलावे, चाळून पाहावे आणि घरी न्यावे. आपल्याकडे बडोदे संस्थानाचा सन्मान्य अपवाद सोडला, तर असे मुक्त प्रवेशाचे ग्रंथालय त्या काळी विरळाच होते.

बालविभागाची घडी बसविली होती ॲन कॅरोल मूर या बाईंनी. त्या १९०६ ते १९४१ या काळात सर्व शाखांतील बालकार्याच्या प्रमुख होत्या. स्वतःचे नाव लिहिता येऊ लागलेल्या मुलाने एका मोठ्या वहीत सही करावयाची, पुस्तक जपून वापरण्याचे वचन द्यावयाचे आणि सभासद व्हावयाचे, अशी तेथील प्रथा होती. मुलांच्या उंचीची बैठी कपाटे आणि लहान खुर्च्या असत. आठवड्यात ठरलेल्या वेळी कथाकथन होई. मेणबत्ती पेटवली की गोष्ट सुरू. गोष्ट संपल्यावर मुलांनी मनात एक इच्छा धरावयाची आणि मेणबत्ती विझवावयाची. गोष्ट पुस्तकातून वाचून दाखवीत नसत, मुखोद्गत करून सांगत. कथाकथन हा करमणुकीचा जोडधंदा समजला जात नव्हता. त्याचे रीतसर शिक्षण दिले जाई आणि गोष्ट ऐकून उठलेले मूल ते पुस्तक शोधीत कपाटाकडे वळावे, हा त्यामागील स्पष्ट हेतू असे. या हेतूतूनच एक नियम आला होता. ग्रंथालयात सांगावयाची गोष्ट छापील पुस्तकातील असली पाहिजे. हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा.

बेलप्रे ज्या शाखेत आल्या तेथील प्रमुख अर्नेस्टाइन रोझ यांचा अनुभव वेगळ्या प्रकारचा होता. त्यांनी पूर्वी शहराच्या दक्षिण टोकाकडील एका शाखेत रशियन ज्यू निर्वासितांमध्ये काम केले होते. ग्रंथालयाने वस्तीची भाषा बोलली पाहिजे आणि वस्तीतील माणूस टेबलामागे दिसला पाहिजे, हे त्यांनी तेथे ओळखले असावे. १९२० मध्ये हार्लेमला आल्यावर त्यांनी कृष्णवर्णीय ग्रंथपाल नेमण्यास आरंभ केला; कॅथरिन लॅटिमर यांचे नाव त्यांत पहिले. कादंबरीकार नेला लार्सन यांनीही त्याच दशकात या शाखेत काम केले. याच इमारतीत १९२६ मध्ये आर्तुरो शॉम्बर्ग यांचा प्रसिद्ध संग्रह येऊन दाखल झाला. शॉम्बर्ग हेही मूळचे प्वेर्तो रिकोचे. काळ्या माणसांना इतिहास नाही, असे लहानपणी कोणा शिक्षकाच्या तोंडून ऐकल्यावर त्यांनी तो इतिहास पुस्तकापुस्तकाने गोळा करण्यास घेतला, अशी आख्यायिका आहे. कार्नेगी कॉर्पोरेशनने दिलेल्या दहा हजार डॉलरांतून ग्रंथालयाने त्यांची पाच हजारांवर पुस्तके व हस्तलिखिते विकत घेतली. बेलप्रे यांची उमेदवारी अशा इमारतीत झाली, हे त्यांचे भाग्यच म्हटले पाहिजे.

त्यांचे काम बालविभागात होते. नव्या नोकराने प्रथम कपाटे लावावीत ही रीत सर्वत्र सारखीच. तशी त्यांनीही ती लावली. लोककथांच्या मांडणीवर देशोदेशीच्या गोष्टी होत्या. त्यांत प्वेर्तो रिकोची एकही गोष्ट नव्हती. आजीच्या तोंडून ऐकलेली, बेटावरील प्रत्येक घरात माहीत असलेली एखादी तरी कथा येथे असेल म्हणून त्यांनी फळ्या धुंडाळल्या आणि हाती काही लागले नाही. हा शोध वरवर किरकोळ वाटतो. परंतु जे मूल शाळेत दिवसभर इंग्रजी ऐकते, घरी आल्यावर आईला दुकानदाराशी बोलताना अडखळताना पाहते आणि ग्रंथालयात जाऊन जगातील सर्व लोकांच्या गोष्टी वाचते, त्या मुलाला आपल्या लोकांची गोष्ट कोठेच दिसली नाही तर ते काय अनुमान काढील? आपल्या घरात जे बोलले जाते ते पुस्तकात जाण्याच्या योग्यतेचे नाही, असेच ते समजणार. भाषा टाकून देण्यास मुलाला याहून मोठे कारण लागत नाही.

१९२० च्या दशकाच्या मध्यास बेलप्रे यांना ग्रंथालयाच्याच प्रशिक्षण शाळेत पाठविण्यात आले. तेथे कथाकथनाचा वर्ग मेरी गूल्ड डेव्हिस घेत असत. स्वाध्याय म्हणून प्रत्येकीने एक गोष्ट सांगावयाची होती. बेलप्रे यांनी आजीची पेरेस आणि मार्तिना यांची गोष्ट लिहून काढली आणि ती सांगितली.

मार्तिना हे एक टापटिपीचे, कुलीन झुरळ. दार झाडताना तिला एक नाणे सापडते. त्याची पावडर आणून, नटून ती सज्जात बसते. मांजर, कोंबडा, बेडूक असे एकामागून एक उमेदवार लग्नाची मागणी घालतात; माझ्याशी कसे बोलाल ते सांगा, असे ती प्रत्येकाला विचारते आणि ज्याचा त्याचा आवाज ऐकून नकार देते. पेरेस नावाच्या रुबाबदार उंदराचे बोलणे तिला गोड वाटते. लग्न होते. नाताळात ती त्याच्यासाठी गोड भात शिजवीत ठेवते. चव घेण्याच्या मोहाने पेरेस भांड्यात डोकावतो आणि आत पडून मरतो. मार्तिना गिटार घेऊन त्याच्यासाठी शोक करीत राहते. गोष्ट येथेच संपते. मेलेला उंदीर उठून बसत नाही.

अनुवादकाला येथे एक अडचण येते ती सांगितल्यावाचून राहवत नाही. मराठीत झुरळ नपुंसकलिंगी, आणि ओट्यावर दिसताक्षणी चपलेने मारावयाचे. स्पॅनिशमध्ये तो शब्द स्त्रीलिंगी आहे आणि कथेपुरती का होईना, मार्तिना घरंदाज आहे. आपल्याकडे काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे मेणाचे हे ज्या सहजतेने मूल मान्य करते, त्याच सहजतेने तेथील मूल हे मान्य करते. लोककथा परक्या भाषेत नेताना शब्द जातात, परंतु ही सहजता सीमेवर अडते. बेलप्रे यांना इंग्रजीत नेमकी हीच सहजता आणावयाची होती, आणि तीही अशा श्रोत्यांसाठी की ज्यांपैकी निम्म्यांना मूळ पाठ होते आणि निम्म्यांनी ते कधीच ऐकलेले नव्हते.

गोष्ट वर्गात आवडली. परंतु नियम आडवा येत होता. ती कोठेही छापलेली नव्हती. डेव्हिस यांनी अपवाद केला आणि बेलप्रे यांना आपल्या अप्रकाशित गोष्टी ग्रंथालयात सांगण्याची विशेष परवानगी मिळाली. नियमामागील हेतू चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. मूल पुस्तकाकडे वळावे हे योग्यच. पण छापखान्यापर्यंत ज्या समाजाची पोच नाही, त्याला तोच नियम दाराबाहेर ठेवीत होता. बेलप्रे यांनी नियमाशी भांडण मांडल्याचे दिसत नाही. त्यांनी परवानगी घेतली, गोष्टी सांगितल्या आणि मग पुस्तकच तयार केले. १९३२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने ‘पेरेस अँड मार्तिना’ प्रसिद्ध केले. बीट्रिक्स पॉटर यांच्या सशाच्या गोष्टी छापणारी हीच संस्था. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर इंग्रजीतून छापल्या गेलेल्या प्वेर्तोरिकन लोककथांत या पुस्तकाला अग्रमान दिला जातो. ज्या मांडणीवर जागा रिकामी होती, तेथे आता ते पुस्तक ठेवता येऊ लागले.

दरम्यान वस्ती सरकत होती. प्वेर्तोरिकन कुटुंबे हार्लेमच्या दक्षिण भागात वाढू लागली, म्हणून १९२९ मध्ये बेलप्रे यांची बदली ११५ व्या रस्त्यावरील शाखेत झाली. शाखेचा ग्रंथपाल वस्तीमागे हलतो, ही गोष्ट आपल्याकडील बदलीच्या कल्पनेहून फार वेगळी आहे. येथील त्यांचे दहा वर्षांचे काम सर्वांत भरघोस म्हणावे लागेल. ग्रंथालय आपल्यासाठी आहे हेच या लोकांना ठाऊक नव्हते. मोफत असे काही सरकार देत असेल यावर विश्वास बसत नव्हता, आणि आत गेल्यावर इंग्रजीत काही विचारले तर काय, ही भीतीही होतीच. बेलप्रे प्वेर्तोरिकनांच्या नागरी संघटनांच्या सभांना जात आणि शाखेत काय मिळते ते समजावून सांगत. मोठ्यांसाठी स्पॅनिश पुस्तके मागवीत. मुलांसाठी कथाकथन स्पॅनिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होऊ लागले. आई-वडील आणि आजी-आजोबाही मुलांसोबत येऊन बसू लागले. बालविभागात हे पूर्वी घडत नव्हते. आजीला कळणारी गोष्ट सरकारी इमारतीत चालली आहे, हे नातवाने पाहिले. त्याचे मोल आकड्यांत मांडता येत नाही.

६ जानेवारीचा तीन राजांचा सण शाखेत साजरा करण्याची प्रथाही त्यांनीच पाडली. स्पॅनिशभाषक मुलांना भेटी मिळतात त्या या दिवशी. पलंगाखाली उंटांसाठी गवत ठेवावयाचे आणि सकाळी भेटवस्तू शोधावयाची. न्यू यॉर्कमध्ये नाताळ एकदा संपला की संपला, जानेवारीत कोणाला राजांची आठवण नसे. ती आठवण ग्रंथालयाने ठेवली. ल्युसिया गोन्सालेस या लेखिकेने २००८ मध्ये या प्रसंगावर मुलांसाठी एक चित्रपुस्तक लिहिले. त्याच्या नावात कथाकथनाची ती मेणबत्तीच आहे.

पुढे त्या ११० व्या रस्त्यावरील ॲग्विलार शाखेत गेल्या. नावावरून ही शाखा स्पॅनिश लोकांसाठी काढली असावी असा कोणाचाही समज होईल. वस्तुतः ग्रेस ॲग्विलार या एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधील ज्यू लेखिकेचे ते नाव होय, आणि त्या नावाची ग्रंथालयसंस्था १८८६ मध्ये ज्यू निर्वासितांसाठी निघाली होती. वस्ती पालटली, इमारत आणि नाव राहिले. येथे बेलप्रे यांनी कथाकथनाला बाहुल्यांच्या खेळाची जोड दिली. बाहुल्या बनविण्यास त्या स्वतः शिकल्या आणि त्यांनी मुलांचा एक बाहुलीसंच उभा केला. ज्या मुलाला दोहोंपैकी कोणत्याच भाषेत धीटपणे बोलता येत नाही, ते पडद्याआडून उंदराच्या आवाजात बोलते. शिक्षणतज्ज्ञांनी यावर पुष्कळ लिहिले आहे; बेलप्रे यांनी ते हातांनी करून दाखविले.

१९४० मध्ये सिनसिनाटी येथे अमेरिकन ग्रंथालय संघाच्या अधिवेशनात त्यांनी आपल्या कामासंबंधी निबंध वाचला. त्याच प्रवासात त्यांची कृष्णवर्णीय संगीतकार व व्हायोलिनवादक क्लॅरेन्स कॅमेरॉन व्हाइट यांच्याशी ओळख झाली. २६ डिसेंबर १९४३ रोजी दोघे विवाहबद्ध झाले. पतीच्या दौऱ्यांत सोबत करता यावी आणि लेखनाला वेळ मिळावा म्हणून बेलप्रे यांनी नोकरी सोडली. १९४६ मध्ये त्यांचा वाघ आणि सशाच्या गोष्टींचा संग्रह प्रसिद्ध झाला. प्वेर्तोरिकन लोककथांचा अमेरिकेत इंग्रजीतून निघालेला हा पहिलाच संग्रह मानतात. हुआन बोबो या भोळसट नायकावरचे त्यांचे पुस्तक १९६२ मधले. हा बोबो आपल्या शेखचिल्लीच्या जातकुळीतला.

१९६० मध्ये व्हाइट यांचे निधन झाले आणि बेलप्रे ग्रंथालयात परतल्या. त्यांनी सोडले तेव्हाचे शहर आता उरले नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानाचा प्रवास स्वस्त झाला, बेटावरील शेती मोडत गेली आणि प्वेर्तो रिकोहून माणसांचा लोंढा लागला. १९६० च्या जनगणनेत न्यू यॉर्कमधील प्वेर्तोरिकनांची संख्या सहा लाखांवर गेली होती. एका शाखेत बसून भागण्यासारखे हे काम नव्हते. म्हणून स्पॅनिश बालकार्याच्या तज्ज्ञ अशी खास जागा त्यांच्यासाठी निर्माण झाली आणि जेथे स्पॅनिश बोलणारी मुले जमतील तेथे शहरभर त्या हिंडू लागल्या. १९२१ मध्ये एका शाखेला एक मदतनीस हवी होती. चाळीस वर्षांनी ती गरज साऱ्या शहराची झाली होती. इतक्या अवधीत अशा किती जणी तयार व्हावयास हव्या होत्या, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

१९६८ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तोच लिलियन लोपेस चालवीत असलेल्या साउथ ब्राँक्स ग्रंथालय प्रकल्पात त्यांना बोलावणे आले. ब्राँक्सचा हा दक्षिण भाग त्या वेळी शहरातील अत्यंत दरिद्री भागांपैकी होता. पुढील दशकात तेथील इमारती आगींत जळून गेल्या आणि १९७५ च्या आर्थिक संकटात शहराने शाखा उघड्या ठेवण्याचे तासच कमी केले. अशा वस्तीत बेलप्रे यांनी उचलून नेता येईल असे बाहुल्यांचे रंगमंच तयार केले. वाचक ग्रंथालयापर्यंत येत नसेल तर ग्रंथालय त्याच्या दारी जाई. १९६९ मधील ‘सान्तियागो’ या त्यांच्या पुस्तकातील मुलगा न्यू यॉर्कच्या वर्गात बसून बेटावर राहिलेल्या आपल्या कोंबडीविषयी सांगतो आणि एका वर्गमित्राला ते खरे वाटत नाही. त्या काळी ब्राँक्समध्ये असे सान्तियागो घरोघर असले पाहिजेत.

१९८२ मध्ये न्यू यॉर्कच्या महापौरांच्या हस्ते दिला जाणारा कला व संस्कृतीविषयक सन्मान त्यांना मिळाला. त्याच वर्षी १ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची कागदपत्रे हंटर कॉलेजमधील प्वेर्तोरिकन अभ्यास केंद्रात जतन केलेली आहेत. १९९६ पासून लॅटिन अमेरिकी जीवनावरील उत्तम बालपुस्तकांच्या लेखकांना व चित्रकारांना त्यांच्या नावाचे पारितोषिक दिले जाते. बेटावरील आपल्या तरुणपणातील दिवसांवर आधारलेली एक कादंबरी त्यांनी पूर्वीच लिहून ठेवली होती. ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तीही १९९६ मध्येच, त्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी.